मागच्या लेबलवरचं नाव

अँगस्टन,
११ जून १९९४

एल्वी,

सोमवारच्या बसने एक खोका पाठवतो आहे. ड्रायव्हरला बजावलं आहे, आडवा ठेव, इंजिनाजवळ नको. तुमच्या स्ट्रीकी बेला बस मंगळवारी सकाळी पोचते. आणायला केव्हला धाडू नकोस, स्वतः जा. तुझा नवरा तो खोका माशांच्या पेट्यांत टाकील आणि वर कुत्र्याला बसवील.

आत दोन बाटल्या आहेत. लेबल नाही, बुचावर पेन्सिलने १ आणि २ लिहिलं आहे. यंदाच्या साध्या लाल वाइनची ही दोन मिश्रणं. १ मध्ये ग्रेनाश जातीची द्राक्षं निम्म्याहून जास्त, बाकी शिराझ, माटारो नावापुरती. २ मध्ये माटारो पाचवा भाग, तेवढी शिराझ कमी. पिणाऱ्याला एवढ्याने काय फरक पडतो असं केव्ह विचारील. पडतो.

आता काय करायचं ते नीट वाच. आईचं मेंढीच्या मानेचं मटण कर, बार्ली घालून. खाटकाला आधी सांगून ठेव, मानच हवी, खांदा दिलास तर परत करीन म्हणावं. बाटली जेवणाआधी बरोबर एक तास उघड, आणि स्वयंपाकघरात नाही, तिथे वाफ असते, मागच्या व्हरांड्यात. हाताला साबणाचा वास नको. पहिला अर्धा ग्लास रिकाम्या तोंडाने, दुसरा मटणाबरोबर. मग जे वाटेल ते तुझ्या शब्दांत लिही. पुस्तकी शब्द माझ्याकडे भरपूर आहेत, चौदाव्या वर्षी शाळा सोडून डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलेले. केव्हचं मत कळवू नकोस. ज्याने तीस वर्षं तंबाखू आणि डिझेल हुंगलं त्याचं नाक चेहऱ्यावर शोभेपुरतं असतं.

एवढं सगळं का, ते सांगतो. कॉलेजात वाइन शिकून आलेला आमचा जूलियन जानेवारीत मोठ्या कंपनीत गेला. मालक, म्हणजे धाकटा पेनहॉल, वॉरिक, मला म्हणाला, "रोली, यंदाची साधी लाल तू एकट्याने कर. जमली तर मागच्या लेबलवर तुझं नाव छापू." एकतीस वर्षं मी या वायनरीत आहे. साधी लाल त्यातली निदान वीस वर्षं माझ्याच हातची, आणि लेबलवर दर वेळी ज्याच्याकडे पदवी त्याचं नाव.

महागड्या बाटलीचं मला कौतुक नाही. ती लोक एकमेकांना दाखवायला उघडतात. साडेसहा डॉलरची बाटली माणूस कामावरून आल्यावर बूट काढून उघडतो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि चुलीवर जे असेल त्याच्याबरोबर पितो. ती जेवणाच्या पुढे धावता कामा नये आणि मागे रेंगाळताही कामा नये. दुसरा घास घ्यावासा वाटला पाहिजे, आणि दुसरा घोट. हे करायला जास्त अक्कल लागते. जूलियनला ते कधी जमलं नाही.

मार्चमध्ये डोक्याला लागलं होतं त्याचे टाके कधीच निघाले. शिडीवरून पडणारा मी काही पहिला नाही. त्याबद्दल परत विचारू नकोस.

१९८६ साली बाबांच्या सत्तरीला, भरल्या टेबलावर, माझ्या वाइनबद्दल तू जे बोललीस ते माझ्या पक्कं लक्षात आहे. एवढंच लिहितो.

रोलंड


स्ट्रीकी बे,
२४ जून १९९४

रोली,

खोका मिळाला. मी स्वतः गेले होते, साहेब. आडवाच होता. कुत्रा घरी बांधून ठेवला होता.

मटण केलं. घर भरून गेलं वासाने. आई करायची तेव्हा अंगणातूनच कळायचं ना आज काय आहे, अगदी तसं. तेजपत्ता, मिरी, शेवटी मूठभर अजमोदा, आणि बार्ली तासाभरात अशी मऊ झाली की चमचा उभा राहावा. केव्हने तीनदा घेतलं. त्याची बहीण ग्लेनिस आली होती जेवायला, तिनेही ताट पुसून खाल्लं.

वाइन दोन्ही छान आहेत. प्लम, मिरी, थोडं चॉकलेट. जिभेवर मऊ वाटते. मला २ जास्त आवडली. मटणाबरोबर अगदी जमून गेली. ग्लेनिस काहीतरी बोलली, पण ती बिअरवाली, तिचं सोड.

मागच्या लेबलवर तुझं नाव. आई असती तर दुकानातल्या सगळ्या बाटल्या पाठमोऱ्या करून ठेवल्या असत्या तिने. खरंच, रोली, तुझं नाव केव्हाच यायला हवं होतं. वॉरिकच्या बापाने तुला आयुष्यभर नुसतं राबवलं.

इकडे व्हायटिंग मासा यंदा भरपूर आहे. केव्हची नाव दुरुस्तीला बाहेर काढली होती, आता परत पाण्यात आहे. ख्रिसमसला ये. किती वर्षांत आला नाहीस. डोक्याचं विचारत नाही, तू नको म्हटलंस म्हणून. पण विचारलं असतं.

तुझी एल्वी


अँगस्टन,
२ जुलै १९९४

एल्वी,

प्लम लिहिलंस. कुठले प्लम? झाडावरचे, शिजवलेले, की आईच्या फळीवर राहून साखर धरलेल्या मुरंब्यातले? चॉकलेट आणि मिरी तर दारूच्या दुकानातल्या कुठल्याही बाटलीमागे वाचायला मिळतात. मी तुझे शब्द मागितले होते. बार्ली तासाभरात मऊ होत नाही, अडीच तास लागतात, तेव्हा तेही तू घाईत लिहिलंस असं धरून चालतो.

आता नेमकं विचारतो. २ नंबरचा घोट गिळल्यावर मागे काय उरतं? माटारोला स्वतःचा एक वास असतो, ओल्या कातड्याचा, मातीचा. तेवढा असावा, तो तिचा हक्क आहे. पण जुनी पिंपं कधी दगा देतात आणि त्यावर दुसराच वास चढतो. आमच्या वायनरीत काम करणाऱ्या रेलीनने परवा पिंपाशी ग्लास धरला आणि म्हणाली, "रोली, हे जरा तबेल्यासारखं नाही वाटत?" मी म्हटलं, "माटारो म्हणतात त्याला. पंधरा वर्षं नळ्या धुतेस, कधी ग्लासातही बघत जा." ग्लास ठेवून ती परत नळ्यांकडे गेली. 

तेव्हा तू सांग. आपण लहानपणी ओटोकाकांच्या तबेल्यात लपायचो. खोगिरं टांगलेली असायची त्या भिंतीच्या मागे. तिथला वास तुला आठवत असणार. तो आहे का या वाइनमध्ये? हो की नाही, एवढंच लिही.

पंचवीस तारखेला बाटल्या भरायचं यंत्र येतं. आमच्याकडे स्वतःचं नाही, ट्रकवर चढवलेलं असतं, दोन दिवस आमच्या दारात, मग पुढच्याच्या. ती तारीख चुकली तर सप्टेंबरशिवाय मिळत नाही. छापखान्याला नाव पंधरा तारखेच्या आत हवं आहे. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, पाठवलेलं नाही.

परत आईचं मटण करायची गरज नाही. बाटलीत उरली असेल तर नुसता घोट घे.

रोलंड


स्ट्रीकी बे,
८ जुलै १९९४

रोली,

नाही.

हे घे, एका शब्दात लिहिलं. तबेला नाही, खोगीर नाही, काही नाही. थोडं कातडं आहे, पण चांगलं, नव्या पाकिटासारखं. रेलीनचं तू मनावर घेऊ नकोस. आणि मला कळत नाही तू मला का विचारतोस. तुमच्या अख्ख्या खोऱ्यात तुझ्या नाकाची गोष्ट सांगतात. जुना पेनहॉल पाहुण्यांसमोर डोळे बांधून तुला ग्लास द्यायचा आणि तू पिंपाचा नंबर सांगायचास, ते मी स्वतः पाहिलं आहे. तुझ्या नाकाला जे कळलं ते माझ्याकडून ऐकायचं असेल तर ऐक: छान आहे. भर बाटल्या.

प्लम शिजवलेले.

एल्वी


अँगस्टन,
१४ ऑगस्ट १९९४

एल्वी,

या पत्राच्या वरच्या कोपऱ्यात जे चिकटवलं आहे ते बघ. ते मागचं लेबल. कागद मलई रंगाचा, चकचकीत नाही, चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात. मजकूर मीच लिहिला, वॉरिकने एक शब्द बदलायला सांगितला, मी बदलला नाही. "रोजच्या जेवणाबरोबर प्यावी. वाट पाहू नये." आणि खाली, वेगळ्या ओळीत: मिश्रण, रोलंड नोस्के.

छापखान्याने नोस्केचं स्पेलिंग आधी चुकवलं होतं. पहिला गठ्ठा मी परत केला. दुसरा बरोबर आला.

२ नंबर भरली. यंत्र दीड दिवस चाललं, कुठे अडलं नाही. वॉरिकने चाखली का म्हणशील, तर नाही. मी ग्लास घेऊन त्याच्या ऑफिसात गेलो. तो फोनवर होता, हात हलवून म्हणाला, "तू म्हणतोस ना झाली, मग झाली." एकतीस वर्षांनी माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं? ऍडलेडच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला होता, अल्कोहोल आणि आम्ल बरोबर आलं. आणखीही तपासण्या असतात, त्या मी कधीच मागितल्या नाहीत. नाक कशाला दिलंय, असं मीच आजवर त्यांना ऐकवत आलो.

सहा बाटल्या बसने येतील. केव्हलाही दे. सगळ्यांना दे.

ख्रिसमसला येईन म्हणतो. आईच्या मटणाचं तू लिहिलंस ते अजून टेबलाच्या खणात आहे.

रोलंड


(यानंतर दोन महिन्यांत एल्वीची दोन पोस्टकार्डं आली. एकावर समुद्रकिनारा, एकावर पेलिकन. दोन्हीवर हवामान लिहिलं होतं.)


अँगस्टन,
९ ऑक्टोबर १९९४

एल्वी,

सहा बाटल्या पोचल्या का ते तू लिहिलं नाहीस. पेलिकन मला माहीत आहे कसा दिसतो.

काल ब्रास बँडचं वार्षिक जेवण झालं, चर्चच्या हॉलमध्ये, दुपारी. दर वेळसारखं, प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. बटाट्याचं सॅलड चार प्रकारचं होतं, श्रीमती ग्रीगर यांनी हॅम भाजलं होतं, लोणच्याच्या काकड्या, तीन घरांचा स्ट्रॉयझल केक. वाइन आमची. वॉरिकने चार खोके पाठवले आणि बँडमास्तरने उभं राहून सांगितलं, "आज जी वाइन आहे तिच्या मागे आपल्या रोलीचं नाव आहे. वाचा सगळ्यांनी." लोकांनी बाटल्या फिरवून वाचलं. टाळ्याही वाजवल्या.

मग जेवण सुरू झालं. मी दाराजवळच्या टेबलावर होतो, तिथून सगळा हॉल दिसतो. अर्ध्या तासाने पाहिलं तर टेबलांवर ग्लास भरलेलेच. एकेक घोट कमी झालेला, बस. पास्टरनी पाणी मागितलं. ट्यूबा वाजवणारा नॉर्म खाली गाडीत जाऊन बिअर घेऊन आला.  आपल्याकडच्या लोकांना तोंडावर बोलायची सवय नाही, तुला माहीतच आहे. जाताना सगळ्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला, जणू घरात कोणी गेलं आहे. रेलीन ग्लास गोळा करून ते सिंकमध्ये ओतत होती. मी म्हटलं, "काय झालंय लोकांना?" ती म्हणाली, "तू खरंच विचारतोयस, रोली?"  

मला वाटतं हेवा आहे. पदवीवाल्याचं नाव यांना चालतं. शेजारच्या नोस्केंच्या पोराचं, ज्याच्याबरोबर हे प्राथमिक शाळेत बाकावर बसले, त्याचं घशाखाली उतरत नाही.

पण ऍडलेडच्या दोन दुकानांनीही खोके परत पाठवले आहेत. त्यांना माझा हेवा करायचं कारण नाही.

सहातली एक बाटली उघड. आज. आणि लिही.

रोलंड


स्ट्रीकी बे,
२० ऑक्टोबर १९९४

रोलंड,

सहातली एकही उघडायची गरज नाही. मला जूनपासून माहीत आहे.

बूच काढलं तेव्हाच कळलं. दोन्हीत, २ मध्ये जास्त. ग्लेनिसने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "कोणाच्या घोड्याला जखम झालीय?" केव्ह एवढा हसला की त्याला खोकला आला. दुसऱ्या दिवशी उरलेली त्याने खेकड्यांच्या जाळ्यात आमिषावर ओतली आणि परत येऊन म्हणाला, "खेकडेसुद्धा आले नाहीत, तुझ्या भावाला कळव." मी नाही कळवलं. तुला लिहायला बसले आणि घरात दुसऱ्या एका वाइनची बाटली होती, तिच्यामागचे शब्द उतरवून काढले. प्लम, मिरी, चॉकलेट. तू बरोबर ओळखलंस. आणि २ आवडली हे तर नुसतं एक आकडा लिहायचा म्हणून लिहिलं.

का, ते सांगते. १९८६ साली मी चार माणसांत म्हटलं, तुझ्या वाइनला ओल्या कुत्र्याचा वास येतो. गमतीने नाही, खरंच येत होता म्हणून. तू ताट सरकवून उठलास. त्यानंतर दोन वर्षं तू एक कार्ड पाठवलं नाहीस. बाबांना पुरलं त्या दिवशी तू खड्ड्याच्या पलीकडे उभा राहिलास आणि माती टाकून सरळ गाडीत जाऊन बसलास. तो एकच दिवस होता जेव्हा मला भाऊ हवा होता. आणि आता तू लिहितोस की ते तुझ्या पक्कं लक्षात आहे, एवढंच लिहितो. मी काय समजायचं? मी म्हटलं, एका बाटलीपायी परत नाही. वाइन येते आणि जाते.

आणि मला वाटलं तुला माहीत आहे. शपथेवर सांगते. ज्या माणसाला डोळे बांधून पिंपाचा नंबर कळतो त्याला हा वास कळत नाही, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, त्याला कळलंय आणि तो ते सावरून घेणार आहे, त्याला फक्त कोणीतरी छान म्हणायला हवं आहे. जुलैत तू परत विचारलंस तेव्हा मला भीती वाटली. पण तोवर एकदा छान लिहून झालं होतं. दुसऱ्यांदा ते सोपं जातं.

तू स्वतः वास का घेतला नाहीस, रोली?

एल्वी


अँगस्टन,
६ नोव्हेंबर १९९४

एल्वी,

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो.

सोळा मार्चला शिडीवरून पडलो, डोक्याची मागची बाजू सिमेंटवर आपटली. तीन टाके. तिसऱ्या दिवशी कामावर आलो आणि वायनरीचा दरवाजा उघडला तर आत काहीच नव्हतं. भर मोसमात, द्राक्षं पायाखाली, आणि काही नाही. मला वाटलं सर्दी आहे. घरी जाऊन कांदा कापला, रॉकेलचा डबा उघडला, कॉफी जाळली. शेवटी पिंपांत जाळायच्या गंधकाची भुकटी नाकाशी धरली. डोळ्यांतून पाणी आलं. वास आला नाही. मे महिन्यात ऍडलेडला जाऊन आलो, दातांचं काम आहे असं वॉरिकला सांगून. डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता. म्हणाला, नाकामागचे बारीक तंतू तुटले आहेत, ते परत जुळत नाहीत, पण तुमचं नशीब चांगलं, दृष्टी वाचली.

मी कोणाला सांगितलं नाही. वाइन करणाऱ्याला नाक नाही हे एकदा कळलं की तो फक्त शिडीवरून पडलेला म्हातारा. आणि वॉरिक मला लेबलचं बोलला तो जानेवारीत, पडायच्या आधी. मी काय करायला हवं होतं? एकतीस वर्षांनी जाऊन सांगायचं, नको?

मिश्रण वह्या बघून केलं. माझ्याकडे १९७१ पासूनच्या आहेत, प्रत्येक पिंपाच्या. आकडे बरोबर होते. पिंपं बरोबर नव्हती, आणि ते वहीत कळत नाही. मला एक नाक हवं होतं, जे माझ्या तोंडाकडे न बघता बोलेल. मी अशी एकच व्यक्ती ओळखत होतो.

आता १९८६ चं. त्या दिवशी तू गेल्यावर मी खाली तळघरात जाऊन ते पिंप परत हुंगलं. ओला कुत्रा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नाल्यात सोडलं. अख्ख्या टेबलात तुला एकटीला कळलं होतं आणि एकटीने सांगितलं होतं. हे मी तुला आठ वर्षांत सांगितलं नाही. लक्षात आहे असं लिहिलं ते याचसाठी, त्याच्या पुढची ओळ माझ्या हातून लिहवली नाही. तेवढा दोष माझा. तो घेतो. पण "नाही" हा शब्द तू लिहिलास.

रेलीनला मी सगळ्यांसमोर नळ्या धुणारी म्हटलं. तिने खरं सांगितलं होतं, ते मला नको होतं, तुझं हवं होतं. पुढच्या वर्षीची साधी लाल वॉरिकने तिला दिली आहे. तिला जमेल.

उरलेल्या बाटल्या विकायच्या ठरल्या आहेत, लेबल काढून, खानावळींना, स्वयंपाकात घालायला. लेबल काढायचं काम माझ्याकडे आहे. वॉरिक म्हणाला, "तू नको, दुसरं कोणी करील." मी म्हटलं मी करतो. टाकीत कोमट पाणी घ्यायचं, बाटल्या वीस मिनिटं बुडवायच्या. पुढचं लेबल आपोआप सुटून वर तरंगतं. मागचं सुटत नाही. त्याचा गोंद मी निवडला होता, बर्फाच्या पेटीत रात्रभर राहिली तरी नाव निघू नये म्हणून. ते नखाने खरवडावं लागतं. "नोस्के" शेवटी निघतं.

ज्या विकल्या गेल्या त्यांच्यावर मात्र राहील. वीस वर्षं चांगली केली त्यांवर कोणाकोणाचं नाव आहे, ही एकच माझी.

काल शनिवारी आईचं मटण केलं. मान, बार्ली, अडीच तास. वाफ येताना दिसली. गरम होतं आणि मऊ होतं, मीठ कळलं. बरोबर माझीच बाटली उघडली, ती आंबट आहे आणि ओली आहे, त्यापलीकडे काही नाही. तुझं जूनचं पत्र खणातून काढून ताटाशेजारी ठेवलं. "घर भरून गेलं वासाने. अंगणातूनच कळायचं." ते वाचत वाचत जेवलो. त्या पत्रातलं तेवढं तरी खरं आहे, म्हणून बरं गेलं.

ख्रिसमसला येणार नाही. पण त्या मटणाबद्दल आणखी लिही. वास कसकसा येत गेला, आधी काय, मग काय. नेमकं लिही. जेवताना वाचायला होईल.

रोलंड


स्ट्रीकी बे,
२७ नोव्हेंबर १९९४

रोली,

तुझं पत्र अडीच आठवडे घरात आहे. उत्तर किती वेळा लिहिलं आणि फाडलं. केव्ह म्हणाला, "एकदा खोटं लिहून बघितलंस, आता दुसरं करून बघ."

ते मटण मी केलंच नव्हतं. खाटकाकडे मान नव्हती आणि सांगून ठेवायचा मला कंटाळा आला. त्या दिवशी सॉसेज होते आणि उकडलेले बटाटे. घर भरून गेलं वगैरे मी टेबलाशी बसून रचलं, तुला बरं वाटावं म्हणून. बार्लीचं म्हणूनच चुकलं.

काल केलं. मान मागवली, आठवडाभर आधी सांगून. बाटली एक तास आधी उघडली, मागच्या व्हरांड्यात. हात नुसत्या पाण्याने धुतले. कोणाला बोलावलं नाही, केव्ह नावेवर होता. आता लिहिते, तू सांगितलं होतंस तसं, माझ्या शब्दांत.

मटण. पहिला अर्धा तास नुसता कांदा, आणि मेंढीचा थोडा उग्र वास, लोकरीसारखा, त्याने वाटतं की यंदा बिघडलं. तासाने तो जातो आणि तेजपत्ता येतो. दीड तासाने हाडाचा गोडसर वास, दूध उतू जायच्या बेतात असतं तसा. बार्ली शेवटी. ती उकडलेल्या गव्हासारखी, पावाची भट्टी लांब कुठेतरी चालू असावी इतपत. अडीच तासांनी हे सगळं एक होतं, वेगळं काढता येत नाही. मी अंगणात जाऊन उभी राहिले. तिथे येतो. ते तेवढं खरं निघालं.

वाइन. सहातली एक, तुझ्या नावाची. रंग सुरेख आहे, खिडकीशी धरला तर कडेला विटेसारखा. नाकाशी नेल्यावर पहिली येते ती जखमेवर दोन दिवस राहिलेली पट्टी. मग ओलं खोगीर. मग घोड्याचा घाम आणि जुनं गवत. या सगळ्याच्या मागे, खूप मागे, प्लम आहेत, झाडावरचे, किंचित कच्चे, ते पुढे येऊ बघतात आणि त्यांना कोणी येऊ देत नाही. ते तुझे असावेत. मटणाबरोबर घोट घेतला तर मटणही तबेल्यात जातं. गिळल्यावर घशात राहतं, पाणी प्यायलं तरी. मी ग्लास संपवला.

तू दोन जुलैला विचारलं होतंस, ओटोकाकांच्या तबेल्यातला वास, खोगिरांच्या भिंतीमागचा, तो आहे का, हो की नाही.

हो.

एल्वी